अंगणातली हिरवळ आणि आपला वसंत

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून वसंतातील संध्याकाळी विद्वानांनी बोलावे आणि नागरिकांनी ऐकावे, ही चाल महाराष्ट्रात गावोगाव रूढ झाली. अशा व्यासपीठावरून कोणी इतिहासावर बोलतो, कोणी तत्त्वज्ञानावर, कोणी लोकशाहीच्या भवितव्यावर. आम्ही मात्र अंगणातल्या गवतावर बोलणार आहोत. विषय लहान आहे, हे कबूल. परंतु त्याच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न आहे, आणि आपल्या वऱ्हाडात पाण्याचा प्रश्न कधीच लहान नसतो.

हिवरखेडचे उदाहरण घेऊ. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस पूर्णेचे खोरे, आणि मध्ये कपाशीची काळी जमीन. गावाच्या नावातच हिवर आहे. हिवर हा बाभळीच्या कुळातला, काटेरी, चिवट, उन्हाला न डगमगणारा वृक्ष. अशा गावात अलीकडे घरे बदलली. जुन्या वाड्याचे सारवलेले अंगण गेले. त्याच्या जागी नव्या घरापुढे कुंपण आले, आणि कुंपणाच्या आत हिरवळीचा एक चौकोन आला. श्रावणात हा चौकोन पाचूसारखा दिसतो. पौषाच्या थंडीत तो पिवळा पडतो, आणि फाल्गुनात घरधनी त्याच्याकडे पाहून म्हणतो, ‘मेली वाटतं हिरवळ.’ मग एक तर तो नळी लावून दिवसभर पाणी सोडतो, नाही तर कंटाळून फरशी घालतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत असे आमचे मत आहे, आणि ते का, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही हिरवळ कसली, ते पाहू. आपल्याकडील बहुतेक अंगणांत जी हिरवळ असते ती हरळीची, म्हणजेच गणपतीला वाहतो त्या दूर्वांची. देवघरात ती दूर्वा आणि शेतात ती हरळी. देवाला प्रिय आणि शेतकऱ्याची वैरीण. आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी आम्हांला खत टाकताना पाहून कुंपणाशी थबकले आणि म्हणाले, ‘काय जी भाऊ, हरळी मारू मारू आमची हयात गेली, अन् तुम्ही तिले खत घालून रायले!’ आम्ही हसलो खरे. परंतु त्यांच्या या एका वाक्यात सगळे शास्त्र आले होते. जी वनस्पती वखराच्या पासेखाली तुकडे तुकडे होऊनही मरत नाही, ती आपल्या अंगणात थोड्या उन्हाने कशी मरेल?

हरळीचे बळ तिच्या खोडांत आहे. तिची काही खोडे जमिनीवरून धावतात आणि पेरापेराला मुळ्या सोडतात. काही जमिनीखालून जातात आणि त्यांत अन्नाचा साठा असतो. थंडी पडली किंवा पाणी तुटले की ती पाने सोडून देते आणि आपला जीव या खोडांत नेऊन ठेवते. आपण ज्याला मरण म्हणतो, ते पुष्कळदा तिचे निजणे असते. खात्री करून घ्यावयाची असेल तर खुरप्याने जमिनीखालचे एक खोड उकरून काढावे आणि नखाने तोडावे. आत पांढरे व ओलसर दिसले तर गवत जिवंत आहे; तपकिरी, पोकळ आणि काडीसारखे कडकन मोडणारे निघाले तर त्या जागी ते गेले. चार-पाच ठिकाणी ही परीक्षा घेतल्याशिवाय कोणीही हिरवळ मेली असे म्हणू नये.

दुसरी गोष्ट अशी की हरळी ही उन्हाचीच लेक आहे. ऊस आणि ज्वारी सूर्यप्रकाशापासून अन्न बनविताना जी विशेष युक्ती वापरतात, तीच हरळी वापरते. ही युक्ती ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी १९६६ साली उसाच्या अभ्यासातून स्पष्ट केली. या युक्तीमुळे अशा वनस्पतींना कडक ऊन सोसते आणि तेवढ्याच पाण्यात त्या अधिक वाढतात. मात्र सावली त्यांना मानवत नाही. निंबाखाली हिरवळ येत नाही म्हणून दरवर्षी नवी लावणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की त्या जागी बाज टाकावी आणि निंबाचे उपकार मानावेत.

आता वसंताविषयी. हिरवळ राखण्याची कला आपल्याकडे रुजली ती बव्हंशी इंग्रजांच्या बंगल्यांतून. विलायतेत पूर्वी गवत कोयत्याने कापीत किंवा मेंढ्यांकडून चारून घेत. १८३० साली एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र काढले आणि मग मध्यमवर्गीयाच्या दारापुढेही हिरवळ आली. त्यासंबंधीची पुस्तके त्या देशातल्या हवामानासाठी लिहिली गेली. तेथे वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचा, मंद पावसाचा, कोवळ्या उन्हाचा काळ. म्हणून पुस्तक सांगते : वसंतात बी पेरा, खत घाला, गवत आपोआप उठेल. आपला वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. आपल्याकडे त्या दिवसांत आकाशातून थेंब पडत नाही, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, काही वर्षी ४५ च्याही पुढे. ऋतूचे नाव एकच आहे, पण ऋतू एक नाही.

हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका परदेशी पुस्तकावर विश्वास ठेवून आम्ही चैत्राच्या मध्यास हिरवळीवर युरिया फेकला, आणि तोही भर दुपारी, मूठ सैल सोडून. संध्याकाळी पाणी देऊ म्हटले, तर त्या दिवशी नळ आला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या हिरवळीवर मुठीच्या आकाराचे तांबूस डाग उमटले होते. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. पाण्यावाचून ते पानावर पडले की पानातलेच पाणी ओढून घेते आणि पान करपते. दोष पुस्तकाचा नव्हता, युरियाचाही नव्हता. आपण कोठे राहतो, याचा विचार न करता ऐकलेल्या शहाणपणाचा तो दोष होता.

तेव्हा वऱ्हाडातल्या हिरवळीचे वेळापत्रक वऱ्हाडानेच ठरवावयास हवे. आमच्या अनुभवाप्रमाणे ते असे आहे. महाशिवरात्र ते होळी हा हिरवळ जागी करण्याचा काळ. गुढीपाडव्यापासून वैशाखापर्यंत तिला सांभाळावयाचे. ज्येष्ठात मृग लागेपर्यंत तिला निजू द्यावयाचे. आणि मृगाच्या पावसानंतर नवी लावणी करावयाची. बी पेरणे, काड्या लावणे, जमीन उकरणे ही सारी कामे मृगानंतरची आहेत. हरळीचा खरा वसंत ७-८ जूनला मृग नक्षत्र लागते तेथून पुढे सुरू होतो, असे म्हटले तरी चालेल.

महाशिवरात्रीनंतर थंडी ओसरू लागली की प्रथम दाताळ्याने हिरवळ विंचरावी. वर्षभरात मेलेल्या काड्यापानांचा एक थर खोडांवर साचलेला असतो. तो जाड झाला की वर घातलेले पाणी त्यातच जिरते आणि तेथूनच उडून जाते. मुळांपर्यंत पोहोचत नाही. विंचरून झाल्यावर विळ्याने किंवा यंत्राने एकदाच, फक्त एकदाच, गवत बोटभर उंचीवर कापावे. त्यामुळे ऊन खोडांपर्यंत पोहोचते आणि डोळे फुटतात. निघालेला कचरा होळीत टाकू नये. तो खताच्या खड्ड्यात घालावा. पुढल्या वर्षी तो हिरवळीलाच परत मिळेल.

त्यानंतर भेगा. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. तिच्यातल्या बारीक चिकणमातीचा तो धर्मच आहे. फाल्गुनात अंगणात पडलेली भेग बोटभर दिसते, पण ती खोल असते, गवताच्या मुळ्या तोडीत गेलेली असते, आणि वरून घातलेले पाणी नाल्यासारखे खाली नेऊन सोडते. आपण समजतो की गवताला पाणी दिले. प्रत्यक्षात आपण भेगेला पाणी दिलेले असते. म्हणून पाणी देण्यापूर्वी भेगा बुजवाव्यात. चांगले कुजलेले शेणखत आणि वाळलेली माती निम्मी निम्मी घेऊन चाळावी, भेगांत भरावी आणि काडीने हलके ठासावी. जेथे माणसांच्या पायांनी जमीन दगडासारखी झाली असेल तेथे लोखंडी सळईने वीतवीत अंतरावर चार-चार बोटे खोल भोके पाडावीत. मग तेच चाळलेले मिश्रण साऱ्या हिरवळीवर अर्ध्या सेंटिमीटरचा थर होईल असे पसरावे. १० फूट लांब आणि १० फूट रुंद तुकड्यास तीन-चार घमेली पुरतात. पसरल्यावर गवताची टोके वर दिसली पाहिजेत; त्याला गाडून टाकू नये. एवढे झाले म्हणजे पहिले भरपूर पाणी द्यावे. युरिया द्यावयाचाच असेल तर तो याच वेळी, तेवढ्या तुकड्यास शंभर ग्रॅमपेक्षा अधिक नाही, सारखा पसरून, संध्याकाळी, आणि लगेच पाणी सोडून. चैत्र लागला की खताचे नाव काढू नये.

कधी कधी पाणी आणि खत मिळूनही हिरवळ पिवळी राहते. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट दिसतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, त्याचे हे लक्षण. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावे. फरशीवर मात्र थेंब पडू देऊ नयेत, तांबडे डाग पडतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ : पाणी किती, आणि कोणते? हा हिशेब प्रत्येक घराने कागदावर मांडावा असा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिरवळीची मुळे भिजावयास एका वेळी २५ मिलिमीटर पाणी लागते. १० फूट बाय १० फूट तुकडा म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर; त्याला एका वेळी सुमारे २३० लिटर पाणी लागेल. ३० फूट बाय २० फूट हिरवळ असेल तर तोच आकडा १,४०० लिटर होतो, म्हणजे २०० लिटरची सात पिंपे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. त्या मापाने ही सात पिंपे म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे पाच दिवसांचे पाणी. ते आपण एका सकाळी गवतावर ओतावयाचे, आणि आठवडा संपण्यापूर्वी पुन्हा ओतावयाचे. वान नदीचे धरणातले पाणी आपल्या बाजूच्या कितीतरी गावांना पिण्यासाठी जाते. ज्या गावांत विहिरीचे पाणी खारे आहे, त्यांना त्याचाच आधार आहे. अशा पाण्याने मोठी हिरवळ भिजविणे आम्हांला शोभत नाही असे आम्ही स्पष्टच म्हणतो. कायद्याने मनाई असो वा नसो, तो शेजारधर्म नव्हे.

मग हिरवळ ठेवूच नये काय? तसे नाही. हिशेब उलटा करून पाहा. भाज्या, तांदूळ, डाळी धुतलेले पाणी, भांडी शेवटी विसळलेले पाणी, पाहुण्यांच्या पेल्यांत उरलेले पाणी आणि साबणाआधीचे अंघोळीचे पाणी असे माणशी दिवसाला १० लिटर पाणी सहज बाजूला निघते. चार माणसांच्या घरात महिन्याला ते १,२०० लिटर झाले. १०० चौरस फुटांच्या हिरवळीस सहा दिवसांनी एकदा २३० लिटर पाणी दिले तर महिन्याला पाच पाण्यांचे साधारण तेवढेच होते. म्हणजे माणशी २५ चौरस फूट हिरवळ, हे आपल्या उन्हाळ्याचे माप ठरले. घरात चौघे असतील तर १०० चौरस फूट, सहा असतील तर १५०. त्याहून अधिक जागा असेल तर ती पावसाळ्यात हिरवी आणि उन्हाळ्यात पिवळी राहू द्यावी. त्यात कमीपणा काय आहे? सातपुडाही उन्हाळ्यात पिवळाच असतो.

परंतु वापरलेले सगळेच पाणी चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. धुण्याच्या सोड्याचे आणि कपड्यांच्या साबणाचे पहिले पाणी गवतावर घालू नये. त्यात सोडियम असते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचे दुखणे तेच आहे : सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी वर थांबते आणि वाळल्यावर जमीन विटेसारखी होते. जे निसर्गाने पट्ट्यात केले ते आपण आपल्या हाताने अंगणात का करावे? घरोघर आलेल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे पाणी वाया जाते, तेही हिरवळीला चांगले म्हणून काहीजण वापरतात. त्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट होऊन उतरलेले असतात. विहिरीचे पाणीच खारे असेल तर ते पाणी फरशी धुण्यासच ठेवावे. पाणी कसे आहे याची घरगुती परीक्षा सोपी आहे : थाळीत थोडे पाणी उन्हात वाळवावे आणि मागे पांढरा थर किती राहतो तो पाहावा. हरळी बऱ्यापैकी क्षार सोसते हे खरे. पण सोसते म्हणून तिच्यावर लादावे, असा न्याय कोठेच नाही.

पाणी देण्याची रीतही महत्त्वाची आहे. रोज संध्याकाळी झारीने थोडेथोडे शिंपडण्याची आपली सवय मनाला गारवा देते, गवताला नाही. वरची दोन बोटे माती ओली होते, मुळ्या त्या ओलाव्यासाठी वरच येऊन बसतात, आणि दुसऱ्या दुपारी भाजून निघतात. त्यापेक्षा पाणी पिंपात साठवावे आणि सहाव्या दिवशी, सूर्योदयाच्या सुमारास, एकदम पण सावकाश द्यावे. म्हणजे मुळ्या पाण्यामागून खाली जातील. पिंपावर झाकण मात्र हवे, नाहीतर गवताआधी डास वाढतील. पाणी मागण्याची गवताची स्वतःची भाषा आहे. त्याची पाने मिटतात, रंग निळसर राखी होतो, आणि चालून गेल्यावर पावलाचा ठसा तसाच राहतो. ठसा लगेच पुसला गेला तर अजून एक दिवस थांबावे.

होळीनंतर गवत आखूड कापू नये. तीन बोटे उंची राहू द्यावी आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. उंच पाने खोडांवर आणि मातीवर सावली धरतात. कापलेले बारीक तुकडे तेथेच पडू द्यावेत. त्यांतले नत्र मातीत परत जाते. तण मात्र या दिवसांतच काढावे. लव्हाळा नुसता ओढला तर पुन्हा येतो. त्याची खालची गाठ खुरप्याने काढली पाहिजे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत आता साऱ्या देशात पसरले आहे. ते फुलण्यापूर्वी उपटावे, आणि उपटताना हातांत काही घालावे, कारण पुष्कळांच्या अंगाला त्याने खाज सुटते.

वैशाखाच्या मध्यावर, पाण्याची चणचण लागली की, आमच्या मते हिरवळीचे पाणी खुशाल तोडावे. पंधरा दिवसांनी एकदा १०० चौरस फुटांस शंभरेक लिटर पाणी जमिनीखालची खोडे जिवंत ठेवण्यास पुरते. गवत पिवळे पडेल. पडू द्यावे. त्यावर फार चालू नये, गाडी उभी करू नये, एवढेच पथ्य. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत ते आपण होऊन उठते. मोकळ्या राहिलेल्या जागी तेव्हा शेजारच्या हरळीची दोन-तीन पेरांची खोडे वीतभर अंतरावर टोचावीत. विकत काहीच आणावे लागत नाही. ज्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर ती माजली असेल तो आनंदाने देईल, वर हसेलही.

गेल्या उन्हाळ्यात आमची हिरवळ अशीच पिवळी पडली होती. शेजारचे तेच वृद्ध शेतकरी कुंपणाशी आले, खाली वाकले, बोटाने माती उकरून एक खोड मोडून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, ‘जित्ती हाय. निजू द्या तिले.’ पाणी कमी असलेल्या मुलखात हिरवळ राखणे म्हणजे तिला बारा महिने हिरवी ठेवणे नव्हे. केव्हा द्यावयाचे आणि केव्हा थांबावयाचे, हे ओळखणे म्हणजे हिरवळ राखणे. एवढे जर आपण घरी जाऊन लक्षात ठेवले, आणि उद्या सकाळी नळी उचलण्यापूर्वी खुरप्याने एक खोड मोडून पाहिले, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.